जित्या माणसाचं अळणी जेवण

माझ्या सासूचं हृदय ठेक्यात चालत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी मला बरं वाटलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला गुणाची सून समजून हळहळायला नको. तोंडावर मी तिला 'मामीजी' म्हणत होते, अहो-जाहो करत होते, डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हते. कागदावर मात्र ती 'ती'च राहील. तेवढी मोकळीक मी या वयात घेणार.

मी तुमसरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन बालाघाटला आले, तेव्हा नागपूर आमची राजधानी असण्याचे दिवस नुकतेच संपले होते. यजमान कचेरीत कारकून. दिवसभर हिंदीत टिपणं लिहायचे आणि घरी येऊन आईपुढे मराठीत मान हलवायचे. सासरे वारासिवनीच्या रस्त्यावरची धानाची शेती बघायचे. घर चालवायची ती. नुसतं आमचं नाही, अख्ख्या वॉर्डाचं. कोणाची आजी कोणत्या गावची, कोणाच्या मामेबहिणीचं लग्न मोडलं आणि काहून मोडलं, हे सगळं तिच्या डोक्यात होतं. परसवाड्यापासून भंडाऱ्यापर्यंत कुठलीही सोयरीक जुळवायची असली की लोक आधी आमच्या ओसरीवर येऊन बसत. ती पानाला चुना लावता लावता तीन पिढ्या मागे जाई आणि शेवटी 'जमते' किंवा 'नाई जमत' एवढंच म्हणे. तिनं 'नाई' म्हटल्यावर झालेलं एकही लग्न मी पाहिलं नाही.

माझं नाव तिनं पहिल्याच आठवड्यात ठेवलं. अवदसा. तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं एक सासरचं नाव होतंच, पण ते त्या ताटातच राहिलं. 'अवदसे, पानी आन. अवदसे, सांडलं काय व?' शेजारच्या बायका आधी हसल्या, मग त्यांना सवय झाली, आणि मग मलाही. यजमानांना मी एकदा विचारलं, 'तुमाले काईच वाटत नाई काय?' ते म्हणाले, 'मायची जीभच तशी आहे.' जीभ जणू मांजर होती, तिच्या मर्जीनं फिरणारी.

आमच्या घरात सुनेनं रांधताना चव घ्यायची नाही असा दंडक होता. मोठी माणसं जेवल्याशिवाय पळीचं टोकही जिभेला लावायचं नाही. मीठ हाताच्या मापानं. लग्नाला महिना झाला असेल, लाखोरीच्या डाळीत माझं मीठ जास्त पडलं. सासरे घटाघटा पाणी प्यायले. तिनं मला हाक मारली, गाडग्यातून खड्याच्या मिठाची मूठ भरली आणि माझ्या ओंजळीत ओतली. म्हणाली, 'खा. समजू दे जिभेले.' मी खाल्लं. यजमान समोर बसून जेवत होते, त्यांनी ताट पुसून खाल्लं. संध्याकाळपर्यंत मला उलट्या होत होत्या आणि मोरीपाशी जाताना ती मला पाय बाजूला घेऊन वाट देत होती. त्यानंतर माझा हात कधी चुकला नाही. पाच माणसांची भाजी असो की पन्नासांची, डोळे मिटून टाकलं तरी नेमकं.

दोन वर्षांनी सासरे गेले. आमच्याकडे सुतकाचे दहा दिवस चुलीवर मीठ चढत नाही. भात अळणी, वरण अळणी, भाजी अळणी. दहाव्याला माणसं वैनगंगेवरून परतली की घरातली थोरली बाई भाजीत पहिलं मीठ टाकते, आणि टाकून चाखते. घरातल्या बाईनं सगळ्यांच्या आधी चव घ्यायची ती तेवढीच वेळ. तिनं मीठ टाकलं, पळी जिभेला लावली, डोळे मिटले आणि म्हणाली, 'मेला तो गेला. जिभेनं काय पाप केलं?' नवऱ्यासाठी तिच्या तोंडून निघालेला शोक मी एवढाच ऐकला.

पुढं काही वर्षांनी तिला धाप लागू लागली. ढेकीवर धान कांडताना ती मधेच थांबे, छातीवर हात ठेवी, आणि आपण थांबलोच नाही अशा तोऱ्यात मला शिव्या घाली. एकदा ती अंगणात बसलीच. यजमान तिला सायकलरिक्षात घालून स्टेशनजवळच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, आणि रिक्षाच्या मागे मी पायी.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, रबरी फुगा दाबला. काचेच्या नळीतला पारा चढत गेला आणि दोनशेच्या पुढे जाऊन थांबला. मग त्यांनी कानात नळ्या घातल्या, एका हातानं तिची नाडी धरली आणि बराच वेळ ठोके मोजत राहिले. 'धड़कन का कोई ताल ही नहीं,' ते शेवटी म्हणाले.

'ढेकीवर नवी सून चढली का ढेकीबी अशीच बेताल पडते,' ती माझ्याकडे बघत म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांना गोड बोलायची सवय नव्हती. 'सुनो अम्मा, दिल पूरा निचुड़ता नहीं, खून वहीं पड़ा-पड़ा जमता है. एक टुकड़ा छूटा तो सीधा दिमाग में. ऊपर से ये प्रेशर. तुम दिल से नहीं मरोगी. पहले दिमाग जाएगा. थोड़ा-थोड़ा करके जाए, या एक दिन में.' मग ते यजमानांकडे वळले. हृदयाचा ठेका परत येणार नाही, पण दाब खाली ठेवला तर डोकं शाबूत राहील. गोळ्या दोन वेळा. मीठ बंद, बिलकुल बंद, पापड नाही, लोणचं नाही. बोलताना शब्द अडला, तोंड वाकडं झालं, हातातलं काही गळून पडलं, तर क्षणभरात बरं वाटलं तरी तसंच उचलून इथं आणायचं.

'खाना कौन बनाता है?'

यजमानांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

'तो समझ लो, अम्मा का दिमाग इसके हाथ में है.'

मला बरं वाटलं ते हे. ज्या डोक्यापुढं अख्खा वॉर्ड मान वाकवायचा, ते डोकं आता माझ्या चिमटीत होतं.

त्या दिवशी मी तिच्यासाठी वेगळ्या भांड्यात वरण आणि वांग्याची भाजी केली. दोन्हीत मीठ नाही. चव यावी म्हणून लसूण ठेचून घातला, चिंच घातली. तिनं पहिला घास घेतला. चावला. मग घास तोंडात तसाच धरून तिनं दाराकडे बघितलं.

'कोन मेलं?' तिनं विचारलं.

 तिनं घास ताटाच्या कडेला काढून ठेवला. 'मी जित्ती आहो अजुन. माह्या डोयापुढं माह्यं सुतक रांधून राह्यली ही. आता दहा दिवसांनी मीठबी हेच टाकन, थोरली बनून.'

ती ताट सोडून ओसरीवर जाऊन बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवून सांगू लागली. वॉर्डातल्या बायकांना हृदयाचा ठेका, पारा, जमलेलं रक्त यातलं काही कळलं नाही. अळणी मात्र सगळ्यांना कळलं. संध्याकाळपर्यंत चारजणी माझ्या चुलीपाशी येऊन गेल्या. 'जित्या मान्साले असं जेवन देत नसतात, बाई. उगाच कायले वाईट चितवतं?' मी डॉक्टरांचं नाव घेतलं तर एकजण म्हणाली, 'डाक्टराच्या घरी सुतक नसतं काय?' यजमानांना विचारलं, काय करू. ते म्हणाले, डॉक्टर म्हणतात तेही खरं आणि माय म्हणते तेही खरं. 'तू पाहून घे.'

मी पाहून घेतलं. चार-पाच महिने मी तिला मिठाचा खडा लागू दिला नाही. मिठाचं गाडगं माझ्या पेटीत कुलूप लावून ठेवलं. लोणच्याची बरणी माळ्यावर चढवली, जिथं तिचा हात जात नव्हता. ती ताट भिरकावी, मी शांतपणे दुसरं वाढी. ती उपाशी राही, मी तिला डॉक्टरांना सांगायची धमकी देई. कर्तव्य म्हणून केलं असं लोक नंतर बोलले. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटायची. ओंजळभर मीठ खाऊ घालणारी बाई चिमूटभर मिठासाठी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी माझ्या भाजीवर वरून आणखी मीठ भुरभुरून तिला दिसेलसं खात होते.

गंमत अशी की औषधाचा गुण आला. पारा उतरला. धाप कमी झाली. डॉक्टर माझ्यावर खूश झाले. तिचं डोकं तर इतकं लख्ख झालं की पन्नास वर्षांमागचे मानपान तिला आठवू लागले, आणि माझ्या माहेरची सगळी उणीदुणी. मी जितकी नीट सेवा करत होते तितकी तिची जीभ धार धरत होती. तिचं डोकं सांभाळायचं काम माझं, आणि ते डोकं दिवसभर काय करायचं, तर मला सोलायचं.

मग माझी आई गेली.

आजारी असल्याचं पत्र आधी आलं होतं. मी पिशवी भरून उभी होते. गाडी दुपारची होती, एका दिवसाचा प्रवास, चार दिवसांत परत आले असते. ती पाटावर बसून पान लावत होती. म्हणाली, 'जा नं. पन माह्यं जेवन कोन रांधन? डाक्टरनं सांगतलं ना, तुह्याच हातचं अळणी. का मी मेली पायजे तुह्या मायच्या बदली?' डॉक्टरांचं नाव घेऊन मी तिला ऐकवायची तेच शब्द तिनं माझ्या तोंडावर मारले. यजमान म्हणाले, आठ दिवसांनी जा, मी रजा काढतो. आठ दिवसांच्या आत दुसरं पत्र आलं. त्यात आई गेल्याला तीन दिवस होऊन गेले होते.

लेकीला आईचं सुतक कळल्यापासून तीन दिवसांचं. माहेरच्या सुतकात सासरच्या चुलीला शिवायचं नसतं, म्हणून मी कोपऱ्यात बसले. ती आत आली, मला बघितलं आणि म्हणाली, 'सुतक तुह्या माहेरचं आहे. आमच्या चुलीले नाई. ऊठ, अवदसे.'

मी उठले. दोन चुलींवर दोन भांडी ठेवली. एकात माझी भाजी, आईच्या नावानं अळणी. दुसऱ्यात तिची. पेटी उघडली, गाडगं काढलं आणि तिच्या भाजीत माझ्या हाताच्या मापानं मीठ टाकलं. मनात काय होतं ते मला चांगलं आठवतं. मला तिला मारायचं होतं. डॉक्टरांनी कोणत्या वाटेनं मरणार ते सांगून ठेवलंच होतं.

तिनं घास घेतला. थांबली. माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घालून माझा अळणी भात कालवत होते. तिनं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, ताट संपवलं आणि बोट चाटत म्हणाली, 'आज हाताले चव आली.'

लग्नाला आठ वर्षं झाली होती. या बाईच्या तोंडून माझ्या कुठल्याही कामाबद्दल निघालेला हा पहिला चांगला शब्द. आईसाठी रडू येत नव्हतं ते तेव्हा आलं. ती म्हणाली, 'रडू नको. माय सगळ्यांची मरते.' आणि माझ्या पाठीवरून एकदा, वरवर, हात फिरवला.

त्यानंतर मी मीठ थांबवलं नाही. पहिल्या दिवशी सूड होता, हे मान्य. दुसऱ्या दिवशी मात्र मी ते दोन शब्द पुन्हा ऐकावे म्हणून टाकलं. लाज वाटते सांगायला, पण एका 'चव आली'साठी मी काहीही करायला तयार होते, आणि त्या शब्दाची किंमत मला ठाऊक होती, तिला नव्हती. तिला वाटलं सून वठणीवर आली.

दीड वर्ष आम्ही सुखात काढलं. खरंच सुखात. ती मला शेंगा सोलायला जवळ बसवून घेई आणि वॉर्डातल्या एकेकीच्या घराण्याची लफडी सांगे. मी हसून लोळायची. हाक अजून 'अवदसे'च होती, पण तिच्यातला काटा कमी झाला होता, किंवा मला टोचेनासा झाला होता. दर महिन्याला आम्ही दोघी रिक्षानं डॉक्टरांकडे जायचो. गोळ्या मी न चुकता देत होते, म्हणजे निम्मं तरी खरं बोलता यावं. पारा पुन्हा चढू लागला होता. डॉक्टर विचारत, 'नमक?' मी म्हणे, 'बंद आहे.' आणि ती, माझी सासू, दोन्ही हात जोडून म्हणे, 'हौ डाक्टर साब, अळणीच देते. सुतकाचंच जेवन जेवून राह्यली मी.' डॉक्टर गोळी वाढवून देत. परतताना रिक्षात ती तोंडाला पदर लावून अशी हसे की रिक्षावाला मागे वळून बघे. उकव्याकडून मँगनीजचे ट्रक धूळ उडवत जायचे आणि त्या धुरळ्यात आम्ही दोघी चोर हसत असायचो.

मग एक दिवस कटंगीकडचे पाहुणे सोयरिकीचं विचारायला आले. ती नेहमीप्रमाणे मागे मागे गेली आणि मुलाच्या आजीला मुलीची आजी करून बसली. पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. तिला ते कळलं. तिनं पान जास्तच चुना लावून खाल्लं आणि तोंड भाजलं म्हणून मला शिवी दिली.

आठवड्यानं ती अंगणात बसून मला काहीतरी आणायला सांगत होती. 'ते आन... ते... धान पाखडाचं...' हात हवेत हलवत होती. मी म्हटलं, 'सूप?' 'हौ. तेच.' तेवढ्यात तिच्या उजव्या हातातलं पान खाली पडलं. ओठाचा एक कोपरा उतरला होता. मी शंभर मोजले असतील-नसतील, तो परत वर गेला. तिनं पान उचललं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं ते सगळं तिथं माझ्या पुढ्यात होतं. शब्द, तोंड, हात. दवाखाना रिक्षानं पंधरा मिनिटांवर. नेलं असतं तर डॉक्टरांनी मिठाचं विचारलं असतं, या वेळी नीट विचारलं असतं. मी उभी राहिले. तिनं माझा पदर धरून मला खाली बसवलं आणि हळूच म्हणाली, 'पोराले सांगजो नको. लोकाईले समजलं तर कोनी इचाराले येनार नाई मले.' मी म्हटलं, नाही सांगत. किती सोपं केलं तिनं माझं काम.

महिन्याभरात ते झालं. दुपारचं जेवण होतं, आंबाडीची भाजी होती. ती म्हणाली, 'लोनचं दे व जरा.' मी माळ्यावरून बरणी काढायला पाटावर चढले आणि मागे ताट वाजलं. वळून बघते तर ती एका अंगावर कलली होती. घास तोंडातून गालावर ओघळत होता. डोळे उघडे होते आणि माझ्यावर होते.

ती जगली. उजवं अंग गेलं. बोलणं गेलं. तीन पिढ्यांची नावं, गावं, मोडलेली लग्नं, शिव्या, सगळं पुसलं गेलं आणि त्यातून एकच शब्द उरला. चौथ्या दिवशी तिनं पाण्याकडे बघून तो उच्चारला. 'अवदसा.' तहान लागली की अवदसा. कूस बदलायची असली की अवदसा. अंथरूण ओलं झालं की अवदसा. डॉक्टर म्हणाले, असं होतं, सगळ्यात जास्त वेळा वापरलेला शब्द कधीकधी मागे राहतो. यजमान रडले. माय त्यांना नावानं हाक मारायची, तीही उरली नव्हती.

त्याच दिवशी डॉक्टरांनी पारा बघितला आणि मला विचारलं, 'नमक तो बंद था न?'

मी म्हटलं, 'हौ.'

खाटेवरून आवाज आला. 'अवदसा.' स्पष्ट, जोरात. तिची नजर माझ्या तोंडावरून हलत नव्हती.

'देखो, बहू को पहचानती है,' डॉक्टर म्हणाले. 'समझती सब है. सिर्फ बोल नहीं पाती.'

चार वर्षं ती तशी होती. मी तिला धुतलं, पुसलं, भरवलं. आणि आता, देवाशपथ, मी तिला काटेकोर अळणी देत होते. मिठाचा कण नाही. आता त्याचा काय उपयोग होता ते माहीत नाही, पण मी हट्टानं देत होते. ती घास जिभेनं बाहेर ढकली. मी बोटानं परत आत सारी. पाठीला फोड येऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलत होते, आणि बदलताना मुद्दाम जरा जोरानं ढकलतही होते. चार-पाच वेळा मी तिच्या समोर बसून लोणच्याची फोड चोखली आहे. तिच्या तोंडाला पाणी सुटून ते उशीवर गळायचं, आणि मी ते पदरानं पुसायची. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही.

सुरुवातीला वॉर्डातले लोक येत. एकदा एक बाई मुद्दाम एका घराण्याचं विचारायला आली, म्हातारीला बरं वाटेल म्हणून. तिनं डोळे मिटले. कपाळावर आठ्या पडल्या. ती त्या घराण्याच्या मागे मागे गेली, हे मला दिसत होतं. मग तोंड उघडलं आणि म्हणाली, 'अवदसा. अवदसा, अवदसा.' त्या बाईनं तोंडाला पदर लावला. हसू लपवायला लावला होता, हे खाटेवरून नीट दिसत असणार. त्यानंतर तिनं कोणी आलं की भिंतीकडे तोंड करून घ्यायला सुरुवात केली.

मी त्या शब्दाखाली चार वर्षं वावरले. पाण्यासाठी म्हणते की मिठासाठी, मला ओळखू येत नव्हतं. मला वाटे, ती दिवसातून पन्नास वेळा माझ्यावर आरोप ठेवते आहे आणि कोर्टात कोणालाच भाषा कळत नाही.

शेवटच्या वर्षी म्हाताऱ्या डॉक्टरांच्या जागी एक तरुण डॉक्टर बसू लागले. त्यांना मी आडून विचारलं, समजा एखाद्या घरी मीठ चालू राहिलं असेल तर? ते म्हणाले, बाई, मिठानं दाब वाढतो हे खरं, पण ज्याचं हृदय असं बेताल चालतं त्याच्यात रक्ताची गाठ तशीही सुटून डोक्यात जाऊ शकते. एकट्या मिठाचा दोष नसतो. तुम्ही एवढी सेवा करता, मनाला लावून घेऊ नका. दोन मिनिटांत सोडून दिलं मला त्यांनी. गुन्हा काय होता हे विचारलंसुद्धा नाही. त्या निकालावर माझा विश्वास बसला नाही आणि अजून बसलेला नाही.

ती एका सकाळी, भरवतानाच गेली. दहा दिवस घरात अळणी. दहाव्याला माणसं नदीवरून परतली. भाजी चुलीवर उकळत होती. नात्यातल्या बायका गोळा झाल्या होत्या, आणि कोणीतरी मिठाचं गाडगं माझ्यापुढं सरकवलं. 'आता तूच थोरली. टाक.'

ती म्हणाली होतीच, मीठ हीच टाकेल.

मी मूठ भरली आणि टाकलं. पळी जिभेला लावली. नेमकं होतं. मी पंगत वाढली. यजमानांनी पहिला घास घेतला आणि ते थांबले. मला वाटलं, मायच्या आठवणीनं. पंगत उठल्यावर ते हात धुवायला मागे आले. मी हातावर पाणी घालत होते. ते हाताकडे बघतच म्हणाले, 'तू मायले मीठ देत होती ते मले मालूम होतं.'

माझ्या हातातला तांब्या तसाच वाकडा राहिला. पाणी सांडत होतं.

'मायनंच सांगतलं होतं मले. म्हने, तुह्यी अवदसा माह्यासाठी डाक्टरासंग खोटं बोलते. पोटच्या लेकीनं केलं नसतं एवढं करते. तू काई बोलू नको तिले. म्हने, माह्यं काई बरंवाईट झालं तर तिच्यावर बोल येऊ देजो नको.' त्यांनी हात झटकले. 'म्हनून मी बोललो नाई.'

तेही तर तिला वाचवू शकले असते. एक शब्द बोलले असते तर. पण त्यांच्यावर मला रागही आला नाही, कारण माझ्या सगळ्या अंगात एकच गोष्ट भरून राहिली होती. तिनं मला पकडलं नव्हतं. चार वर्षं ती माझ्याकडे बघत होती ती आरोप करत नव्हती. मी तिला मारायला मीठ टाकलं, आणि ती ते माया समजून, बोटं चाटून, विश्वासानं खात गेली. मग मी तिला शिक्षा म्हणून चार वर्षं अळणी भरवलं. लेकीनं एकाएकी मीठ काहून बंद केलं, हे विचारायला तिच्याकडे एकच शब्द होता, आणि तो ती विचारत राहिली.

ते पंगतीच्या घोळक्यात परत गेले. आतून कोणीतरी हाक मारली की भाजी आणखी आण, चव छान आहे. मी तांब्या ठेवला आणि भाजीचं पातेलं घेऊन आत वाढायला गेले.